वाढत्या मापाचं घेऊ नका : स्पारिंगचं संरक्षक साहित्य कसं निवडावं

शाळेचा गणवेश वाढत्या मापाचा घेतला तर फार तर बाही दुमडावी लागते. हेड गार्ड वाढत्या मापाचा घेतला तर पहिल्याच लाथेला तो गोल फिरून डोळ्यांवर येतो आणि दुसरी लाथ मुलाला दिसतच नाही. कराटे असो, तायक्वांदो, किकबॉक्सिंग किंवा बॉक्सिंग असो, स्पारिंगचं, म्हणजे पार्टनरबरोबरच्या सरावाच्या फाइटचं, साहित्य घेताना सर्वांत जास्त होणारी चूक हीच. "दोन वर्षं तरी चालेल" असं म्हणत एक नंबर मोठा घेतला जातो आणि ती दोन वर्षं मूल सैल गार्ड सावरत फाइट करतं. सैल गार्ड नेमका मार बसायच्या क्षणी जागेवरून सरकतो. म्हणून या लेखात किमतीपेक्षा आणि कंपनीपेक्षा मापाबद्दल जास्त लिहिलं आहे.

दुसरी गोष्टही आधीच लक्षात ठेवावी. हे साहित्य दोघांसाठी असतं. ग्लव्ह्ज तुमच्या हातात असले तरी वाचतो समोरच्याचा चेहरा. शिन गार्ड तुमच्या नडगीवर असतो आणि वाचते पार्टनरची बरगडीसुद्धा. त्यामुळे "मला लागत नाही, मला नको" हे कारण क्लासमध्ये कुणाचंही ऐकून घेऊ नये.

दुकानात जाण्याआधी सरांना विचारा

प्रत्येक खेळाचे नियम वेगळे असल्यामुळे साहित्यही वेगळं असतं. दुकानदाराने "सगळ्याला चालतं" म्हणून दिलेला सेट बऱ्याचदा एकाही खेळाला धड चालत नाही.

वर्ल्ड तायक्वांदोच्या नियमांत डोक्यावर लाथ चालते, ठोसा चालत नाही. म्हणून त्यांचे ग्लव्ह्ज पातळ असतात, ते बोटं वाचवण्यापुरते. ते घालून किकबॉक्सिंगच्या क्लासला गेलात तर पार्टनरचं नाक फुटेल. तायक्वांदोत एल गार्ड (जांघेचा कप), हाताचे आणि नडगीचे गार्ड डोबोकच्या, म्हणजे तायक्वांदोच्या पोशाखाच्या, आतून घालतात, आणि स्पर्धेत टीथ गार्ड पांढरा किंवा पारदर्शकच लागतो. लाल-काळा हौसेने घेतला तर स्पर्धेच्या दिवशी नवा शोधत फिरावं लागतं.

वर्ल्ड कराटे फेडरेशनच्या पद्धतीत लाल किंवा निळे मिट्स (कराटेचे ग्लव्ह्ज), त्याच रंगाचे शिन आणि फूट गार्ड, कराटे सूटच्या आतून बॉडी प्रोटेक्टर आणि टीथ गार्ड लागतो. मोठ्यांच्या गटात हेड गार्ड नसतो, लहान गटांसाठी काय लागतं ते सरांकडून पक्कं करून घ्या. किकबॉक्सिंगच्या पॉइंट फाइटला (गुण मिळाला की फाइट थांबते) उघड्या तळव्याचे फोमचे ग्लव्ह्ज आणि लाइट कॉन्टॅक्टला (न थांबता, पण हलक्या जोराने) बंद ग्लव्ह्ज असतात, शिवाय पावलांवर फोमचे बूट.

तर सरांना पाच गोष्टी विचारायच्या. क्लास कोणत्या संघटनेच्या नियमांनी चालतो? डोक्यावर मार चालतो का, आणि हाताने की फक्त पायाने? सरावात किती जोर लावला जातो? क्लासकडे कोणतं साहित्य कॉमन आहे? आणि स्पारिंग कधीपासून सुरू होणार? नव्या मुलाला पहिले काही महिने फक्त टीथ गार्ड आणि एल गार्ड पुरतो. पहिल्याच आठवड्यात पूर्ण किट घेऊन पडून राहिलं, तर फाइटची वेळ येईपर्यंत मूल त्यातून वाढलेलं असतं.

आधी काय, नंतर काय

टीथ गार्ड आणि एल गार्ड या दोन वस्तू स्वतःच्याच हव्यात, मागून वापरायच्या नाहीत. त्यानंतर ग्लव्ह्ज आणि शिन गार्ड. मग हेड गार्ड. चेस्ट गार्ड शेवटी, कारण तो बहुतेक क्लासमध्ये कॉमन असतो. पैसे कमी असतील तर याच क्रमाने घ्या, पण क्रमात पुढची वस्तू येईपर्यंत ज्या फाइटला ती लागते ती फाइट खेळू नका.

टीथ गार्ड

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित वस्तू. पाकिटातून काढून तसाच तोंडात घालायचा साधा रबरी गार्ड घेऊच नका. तो दातांत घट्ट धरून ठेवावा लागतो, श्वास कोंडतो आणि मूल तो काढून हातात ठेवतं. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा गार्ड घ्या. लहान मुलांसाठी ज्युनिअर माप वेगळं मिळतं. बसवण्याची रीत अशी :

१. पातेल्यात पाणी उकळून गॅस बंद करा. गार्ड झाऱ्यावर ठेवून पाण्यात सोडा. किती सेकंद ठेवायचा ते पाकिटावर लिहिलेलं असतं, तेच पाळा. जास्त ठेवला तर तो आकसून चिकट गोळा होतो.

२. बाहेर काढून एक-दोन सेकंद गार पाण्यातून काढा. एवढ्याने जीभ भाजत नाही आणि आतला थर मऊ राहतो.

३. आरशासमोर उभं राहून वरच्या दातांवर बसवा. गार्डची मधली खूण वरच्या दोन पुढच्या दातांच्या मधोमध यायला हवी.

४. दात सावकाश मिटा. इथे सगळ्यांची चूक होते. जोरात चावलं की दाढांखालचा थर कागदासारखा पातळ होतो आणि गार्डचा उपयोग संपतो. हलकं दाबायचं, चावायचं नाही.

५. तोंडातली हवा आत ओढत बोटांनी ओठांवरून आणि गालांवरून गार्ड दातांवर दाबा. साधारण २० सेकंद.

६. काढून गार पाण्यात टाका.

आता तपासा. तोंड उघडं ठेवल्यावर गार्ड खाली पडता कामा नये. तो घालून स्वतःचं नाव आणि पत्ता सांगता यायला हवा. मागच्या टोकाने उमासा येत असेल तर कात्रीने थोडं थोडं कापा आणि कड बोटाला टोचणार नाही इतकी गुळगुळीत करा. एकदा बिघडला तर पुन्हा गरम करून बसवता येतो, पण दर वेळी थर पातळ होतो. तिसऱ्यांदा करण्यापेक्षा नवा घ्या.

दातांना तार लावलेल्या मुलांना हा गार्ड बसवू नका. मऊ प्लास्टिक तारेच्या ब्रॅकेटमध्ये शिरून घट्ट होतं आणि काढताना ब्रॅकेट निघतं. तारेसाठीचे सिलिकॉनचे गार्ड वेगळे असतात. त्याहून चांगलं म्हणजे दातांच्या डॉक्टरांकडून साचा घेऊन करून घेणं. दुधाचे दात पडण्याच्या वयात दर तीन-चार महिन्यांनी गार्ड बसतोय का ते पाहा. आणि तो स्कूटीच्या डिकीत ठेवू नका. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत गार्डचा आकार बदलतो, आणि ते कळतं फाइट सुरू झाल्यावर.

एल गार्ड

घरात क्रिकेटचा एल गार्ड असतो म्हणून तोच चालवला जातो. क्रिकेटमध्ये चेंडू समोरून येतो. लाथ खालून वर येते. त्या दिशेने मार बसला की क्रिकेटच्या कपाची कडक कड मांडीच्या सांध्यात रुतते, आणि नुसत्या चड्डीत घातलेला कप बाजूला सरकलेला असेल तर त्रास दुप्पट होतो. मार्शल आर्ट्सच्या गार्डला कपाभोवती जाड गादी असते आणि कमरेला व मांड्यांना पट्टे असतात. तो घालून पूर्ण बैठक मारा, दोन्ही गुडघे छातीपर्यंत उचला, चार उड्या मारा. कप हलला किंवा मांडीला टोचला तर माप चुकलं. मुलींसाठीचा गार्ड आकाराने वेगळा, सपाट असतो आणि तो त्यांनीही घालावा, कारण जांघेच्या हाडावर बसलेली लाथ चांगलीच लागते.

मुलाच्या कमरेला करदोटा असेल तर त्याची गाठ पट्ट्याखाली दाबली जाऊन कातडी सोलते. तेवढ्या वेळापुरता तो काढता आला तर उत्तम, नाहीतर गाठ पट्ट्याच्या वर सरकवून घ्या.

ग्लव्ह्ज आणि हँड रॅप

बॉक्सिंग ग्लव्ह्जचं माप औंसात असतं आणि ते एका ग्लव्हचं वजन असतं. १० औंस म्हणजे सुमारे २८५ ग्रॅम, १२ म्हणजे ३४०, १४ म्हणजे ४०० आणि १६ म्हणजे ४५० ग्रॅम. जास्त वजन म्हणजे सहसा जास्त गादी. मोठ्यांच्या सरावात साधारण ५० किलोपर्यंत १२ औंस, ६५ पर्यंत १४ आणि त्यावर १६ असा हिशेब धरतात. लहान मुलांना ६ ते १० औंसांत त्यांच्या हाताच्या मापाने घ्या. स्पर्धेत १० किंवा १२ औंस वापरतात म्हणून सरावातही तेच वापरण्याचा मोह होतो. सराव आठवड्यातून तीनदा असतो आणि समोर मित्र असतो, तेव्हा सरावाला जडच बरे.

छापलेल्या औंसावर विसंबू नका. स्वस्त ग्लव्ह्जवर १४ छापलेलं असतं आणि वजन भरतं ११-१२ औंसांचं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर एक ग्लव्ह ठेवला की खरं काय ते समजतं. मग ग्लव्हच्या बोटांच्या सांध्यांवरच्या भागावर अंगठा जोरात दाबा. आत घातलेल्या हाताला तो अंगठा स्पष्ट टोचला, तर आतला फोम हलका आहे किंवा कापडाच्या चिंध्या भरल्या आहेत. चांगला फोम दाबला जातो आणि लगेच वर येतो. आपल्याकडे खेळाच्या साहित्याचा मोठा भाग जालंधर आणि मेरठकडून येतो. तिथे उत्तमही बनतं आणि अगदी सुमारही, म्हणून नुसत्या गावाच्या नावावर घेऊ नका.

वरचं आवरण चामड्याचं किंवा रेक्झीनचं असतं. आठवड्याला दोन-तीन दिवस येणाऱ्या विद्यार्थ्याला बरं रेक्झीन पुरतं. रोज तास-दीड तास घालणाऱ्याने चामड्याचे घ्यावेत, कारण रेक्झीन आधी शिवणीपाशी तडकतं आणि त्याची धारदार कड पार्टनरच्या भुवईवर ओरखडे काढते. अंगठा ग्लव्हला शिवून जोडलेला हवा. सुटा अंगठा डोळ्यात जातो.

ग्लव्ह्ज हँड रॅप बांधूनच घालून पाहा. मोठ्यांना ४.५ मीटरची पट्टी, लहानांना अडीच ते तीन मीटरची. लूप अंगठ्यात अडकवा, बोटं ताणून पसरा, मनगटाला तीन वेढे, मग बोटांच्या सांध्यांवर तीन वेढे, बोटांच्या फटींतून एकेक वेढा, अंगठ्याला एक, आणि शेवट पुन्हा मनगटावर. मूठ वळल्यावर घट्ट आणि हात उघडल्यावर सैल वाटलं तर बरोबर. बोटांची टोकं निळसर झाली किंवा मुंग्या आल्या तर सोडून पुन्हा बांधा. रॅपवर ग्लव्ह चढवल्यावर बोटांची टोकं वरच्या शिवणीला हलकी टेकावीत आणि मूठ न ताणता वळावी.

बॅगवर मारायचे आणि स्पारिंगचे ग्लव्ह्ज वेगळे ठेवा. बॅगवर फोम दाबला जातो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. तेच पार्टनरच्या चेहऱ्यावर नेणं बरोबर नाही. दोन जोड परवडत नसतील तर चांगला जोड स्पारिंगला राखा आणि जुना बॅगला.

शिन गार्ड आणि पाऊल

गुडघ्याच्या वाटीखाली दोन बोटं सोडून तिथपासून घोट्याच्या घडीपर्यंत टेपने मोजा. ते नडगीचं माप. उंचीवरून छापलेले एस-एम-एल प्रत्येक कंपनीचे निराळे असतात. गार्ड लांब झाला की पाय उचलताना गुडघ्याला अडतो, आखूड झाला की नेमकी नडगीची खालची टोकदार बाजू उघडी राहते.

मोज्यासारखे चढवायचे गार्ड हलके आणि लहान मुलांना सोपे, पण त्यांचा फोम पातळ असतो. वेल्क्रोचे जाड गार्ड किकबॉक्सिंगला लागतात. त्यांना मागे दोन पट्टे हवेत, एकाच पट्ट्याचा गार्ड पोटरीभोवती फिरतो. वेल्क्रोचं टोक पायाच्या बाहेरच्या बाजूला यावं, नाहीतर दुसऱ्या पायाला घासून सुटतं.

पावलाच्या वरच्या भागावर गादी हवीच. पायाच्या दुखापती बऱ्याचदा समोरच्याच्या कोपरावर लाथ बसल्याने होतात. दोघांपैकी कुणाचीच चूक नसते, हात अंगाजवळ असतो आणि कोपर तिथेच असतं. गार्डखालची इलॅस्टिकची पट्टी पावलाखाली सैल नको. ती पायात अडकून घसरायला होतं. तायक्वांदोत हाताने अडवतात, म्हणून मनगटापासून कोपरापर्यंतचे गार्डही याच पद्धतीने मोजून घ्या.

हेड गार्ड, आणि तो काय करत नाही

हे नीट समजून घेतल्याशिवाय हेड गार्ड घेऊ नये. तो भुवई फुटणं, कान सुजणं, गालावर खरचटणं आणि पडताना डोकं मॅटवर आपटणं यांत मदत करतो. डोक्याला झटका बसून आत मेंदू हलतो, ते तो थांबवू शकत नाही. पुरुषांच्या एलिट गटाच्या हौशी बॉक्सिंगमधून २०१३ मध्ये हेड गार्ड काढला गेला आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पुरुष त्याशिवाय खेळले, महिला मात्र घालून. सरावात तो घालावाच, पण तो आहे म्हणून जोर वाढवू नये. जाड गार्ड घातल्यावर मुलं जास्त बिनधास्त होतात, मार खाऊन पुढे घुसतात. सरांनी आणि पालकांनी याच क्षणी बोललं पाहिजे.

डोक्याला मार बसल्यावर डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं, उजेड नको वाटणं, गोंधळल्यासारखं बोलणं यातलं काहीही दिसलं तर त्या दिवशी फाइट बंद. "बरं वाटतंय" म्हणून परत उभं करू नका. डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी सांगितल्याशिवाय स्पारिंग नाही. उलट्या होत असतील, झापड येत असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर थेट हॉस्पिटल.

माप भुवयांच्या वर बोटभर अंतरावरून डोक्याभोवती टेप फिरवून घ्या. गार्ड घालून हनुवटीचा पट्टा लावा, पट्ट्याखाली एक बोट जाईल इतकंच अंतर ठेवा. आता डोकं जोरात डावी-उजवीकडे हलवा. गार्ड डोक्याबरोबर फिरला तर ठीक, डोकं आत वेगळं फिरलं तर मोठा आहे. मग समोर पाहत दोन्ही हात बाजूला पसरा आणि बोटं हलवा. डोळे न वळवता ती दिसायला हवीत. गालांचे जाड पॅड ही बाजूची नजर कापतात, आणि गोल फिरून येणारी लाथ तिथूनच येते. तायक्वांदोसाठी उघड्या चेहऱ्याचा फोमचा गार्ड, ठोसे चालत असतील तर गाल झाकणारा. चष्मा कोणत्याही गार्डखाली घालू नका. नंबर मोठा असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून मऊ लेन्स.

लांब केस असतील तर एकच वेणी मानेजवळ खाली बांधा. वर अंबाडा असेल तर गार्ड टेकत नाही, तरंगतो. आणि फाइटच्या आदल्या रात्री डोक्याला तेल चोपडू नका. तेलाने गार्ड घसरतो, आतला थर फुगतो आणि काही महिन्यांत सोलून हातात येतो.

चेस्ट गार्ड

वरची कड गळपट्टीच्या हाडाखाली आणि खालची कमरेच्या हाडापाशी. गुडघा छातीकडे उचलल्यावर गार्ड वर सरकून हनुवटीला लागला तर तो मोठा आहे. मागचे बंद पार्टनरने बांधायचे असतात. बांधताना पूर्ण श्वास भरून घ्या, नाहीतर दुसऱ्या मिनिटाला दम कोंडतो. मुलींनी छातीचा वेगळा कडक गार्ड आतून घालावा.

तायक्वांदोच्या स्पर्धेत लाथेचे गुण मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक गार्डचे सेन्सर मोजे घ्यायची घाई नको. डेडो आणि के-पी-एन-पी या दोन यंत्रणांचे मोजे एकमेकांना चालत नाहीत. स्पर्धेत कोणती यंत्रणा आहे ते कळल्यावरच घ्या.

अंगावर चढवून तपासणी

सगळं घरी आल्यावर थेट फाइट नको. पूर्ण किट घालून दहा मिनिटं शॅडो करा, म्हणजे समोर कुणी नसताना हवेत ठोसे-लाथा मारा, मग मॅटवर एक-दोन कोलांट्या मारा, मग पार्टनरला हलक्या हाताने प्रत्येक गार्डवर मारायला सांगा. काय सरकतं, काय घासतं, कुठे श्वास अडतो ते आत्ताच कळतं. दर फाइटच्या आधी नखं पाहा. कानातलं, कडं, जोडवी, गळ्यातला धागा उतरवा. गार्डखाली राहिलेलं कानातलं पार कानात रुततं.

घाम, बुरशी आणि पावसाळा

कोकणात आणि घाटावर जून ते सप्टेंबरमध्ये किट वाळतच नाही. बॅगेत बंद करून ठेवलेल्या ग्लव्ह्जमध्ये थोड्याच दिवसांत बुरशीचे पांढरे-हिरवे ठिपके येतात. घरी आल्या आल्या बॅग उघडा. ग्लव्ह्जमध्ये वर्तमानपत्राचे गोळे कोंबा, तासाभराने ओले झाले की बदला, आणि रात्रभर पंख्याखाली तोंड उघडं ठेवून टांगा. हेड गार्ड आणि शिन गार्ड ओल्या, पिळलेल्या फडक्याने पुसून सावलीत. कडक उन्हात फोम कडक होतो, रेक्झीन तडकतं. वॉशिंग मशीनमध्ये फक्त हँड रॅप टाका, तेही जाळीच्या पिशवीत. वासासाठी पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून आतून हलकं फवारलं की पुरतं. टीथ गार्ड गार पाणी आणि ब्रशने धुवा, भोकं असलेल्या डबीत ठेवा. वेल्क्रोत अडकलेला कापूस जुन्या टूथब्रशने काढत जा.

गजकर्ण साहित्यातून पसरतं. क्लासचा कॉमन हेड गार्ड घालणार असाल तर आधी पुसा, मध्ये सुती रुमाल बांधा. अंगावर चट्टा असलेल्याने तो बरा होईपर्यंत स्पारिंगला उतरू नये.

महिन्यातून एकदा प्रत्येक गार्ड हातात घेऊन दाबा. दाबलेला खळगा भरून येत नसेल, शिवण उसवली असेल, टीथ गार्डमधून दात आरपार दिसत असतील, एल गार्डच्या कपाला केसाएवढी चीर गेली असेल, तर ती वस्तू संपली. टाकताना तिचा पट्टा कात्रीने कापून टाका, म्हणजे ती क्लासच्या कॉमन पेटीत जाऊन एखाद्या नव्या मुलाच्या डोक्यावर पुन्हा चढणार नाही.